शूरांच्या पंगतीचे धान्य

चित्रपटांतून व कादंबऱ्यांतून वीरांची कल्पित राष्ट्रे आपण पुष्कळ पाहतो. तेथील पुरुष शिकार करतात, लढतात आणि रात्री मेजवान्या झोडतात. त्या मेजवानीचे धान्य कोणी पिकविले, हे मात्र क्वचितच कोणी सांगतो. आम्ही जन्मभर कामगारांत वावरलो, त्यामुळे आमचा पहिला प्रश्न तोच असतो. तो प्रश्न आपण प्राचीन ग्रीसमधील स्पार्टा या खऱ्या वीरराष्ट्राला विचारू.

स्पार्टाच्या नागरिकाचा धंदा एकच, युद्ध. शेतात राबणे व व्यापार करणे त्याला वर्ज्य होते. त्याचे जेवण सामायिक पंगतीत होई. त्यासाठी प्रत्येकाला दरमहा जवाचे पीठ, मद्य, चीज व अंजीर यांचा ठराविक वाटा भरावा लागे. शिकारीला मोठा मान होता. शिकारीत उशीर झाल्यास घरी जेवण्याची मुभा असे. पण मांसाचा वाटा पंगतीस पाठवावा लागे. शिकारीने अंगात काटकपणा आला, ताटात चव आली. पण पोट भरले ते शेतीनेच.

ती शेती करीत हेलॉट, म्हणजे जमिनीला जखडलेले गुलाम. जिंकलेल्या मेसेनियातील लोकांना निम्मे पीक धन्याला द्यावे लागे, असे स्पार्टाचाच कवी तिर्तायस सांगतो. हेलॉटांची संख्या धन्यांहून कितीतरी अधिक होती. म्हणून एफोर नावाचे अधिकारी दरवर्षी आपल्याच या शेतकऱ्यांविरुद्ध युद्ध पुकारीत! इ. स. पू. ४६४ च्या सुमारास भूकंप झाला, तेव्हा हेलॉटांनी खरोखरच बंड केले. साऱ्या ग्रीसला धाक घालणाऱ्या सैन्याला स्वतःच्या शेतांवर पहारा ठेवावा लागे तो असा.

दुसरी कीड आतली होती. जमीन थोड्या घराण्यांच्या हाती गेली. ज्याला पंगतीचा वाटा भरवेना, त्याचे नागरिकत्व गेले. इ. स. पू. ४७९ मध्ये प्लातेयाच्या रणात ५,००० स्पार्टन नागरिक होते, असे हिरोडोटस लिहितो. इ. स. पू. ३७१ मध्ये ल्यूक्ट्राला उतरले सुमारे ७००, आणि त्यांतले ४०० पडले. पुढे इ. स. पू. ३६९ मध्ये थीब्जच्या एपामिनोंदासने मेसेनिया मुक्त केला. ती सुपीक जमीन आणि ते राबणारे हात गेले, त्यानंतर स्पार्टाला पूर्वीचे स्थान पुन्हा मिळाले नाही.

तेव्हा वीरांच्या राष्ट्राची कथा वाचताना नांगर कोणाच्या हाती आहे आणि पिकातले त्याच्या घरी किती उरते, एवढे जरूर विचारावे. ते राष्ट्र किती काळ टिकेल, याचा अंदाज त्यावरून बांधता येतो.