चकती थांबली तर...?

शाळेच्या कार्यालयात टेबलाखाली ठेवलेला संगणक सुरू झाला की बारीक घरघर ऐकू येते. त्यातली काही पंख्याची असते, पण जुन्या संगणकात काही हार्ड डिस्कचीही असते. अशी पहिली डिस्क आयबीएम कंपनीने १९५६ साली आणली. तिच्यात सुमारे ६१ सेंटिमीटर व्यासाच्या ५० चकत्या होत्या, आणि एवढ्या पसाऱ्यात मावत होती फक्त ५० लाख अक्षरे! आजची डिस्क वहीपेक्षा लहान असते आणि तीत याच्या लाखो पट मजकूर बसतो.

आत काय चालते ते पाहा. अ‍ॅल्युमिनियमच्या किंवा काचेच्या चकतीवर चुंबकीय पदार्थाचा पातळ थर असतो. ही चकती मिनिटाला ७,२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. चकतीचा व्यास साडेनऊ सेंटिमीटर धरून तिच्या कडेचा वेग काढा. उत्तर ताशी सुमारे १३० किलोमीटर येईल! या धावत्या पृष्ठभागावर मजकूर वाचणारे शीर्ष हवेच्या थरावर तरंगते. दोहोंमधले अंतर अवघे काही नॅनोमीटर. केसाच्या जाडीचे दहा हजार भाग केले, तर त्यांतल्या एका भागाइतके म्हणा ना. चालू डिस्कला जोराचा हिसका बसला आणि शीर्ष चकतीला घासले, की थर खरवडला जातो व त्याबरोबर मजकूरही जातो.

मग डिस्क टिकते तरी किती? गूगलच्या संशोधकांनी एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध केला. पहिल्या वर्षी शेकडा १.७ डिस्क निकामी झाल्या. तीन वर्षे वयाच्या डिस्कमध्ये हेच प्रमाण वर्षाला शेकडा ८.६ होते. त्याहून विलक्षण गोष्ट म्हणजे, निकामी झालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक डिस्कनी धोक्याच्या मुख्य चार खुणांपैकी एकही आधी दाखवली नव्हती. तेव्हा ‘बिघडू लागली की पाहू’ हे इथे चालत नाही. नव्या संगणकांतल्या एसएसडीत फिरणारा भाग नसतो खरा, पण तीही झिजते.

छापखाना नव्हता तेव्हा पोथीची नक्कल उतरवून घेत. इथेही उपाय तोच. वर्षभरात एक डिस्क बिघडण्याची शक्यता २० त १ धरली, तर दोन्ही डिस्क त्याच वर्षी बिघडण्याची शक्यता ४०० त १ होते. मात्र हा गुणाकार दोन्ही डिस्क एकमेकींपासून स्वतंत्र असतील तरच खरा! एकाच कपाटात ठेवल्या, तर पुराचे पाणी दोघींनाही गाठेल. शाळेची निकालपत्रके व दाखले संगणकात असतील, तर एक प्रत दुसऱ्या इमारतीत हवी आणि ती अधूनमधून उघडून पाहायला हवी.

हे उघडून पाहणे बहुतेक जण विसरतात. १९९८ साली पिक्सार या चित्रपटसंस्थेत एका चुकीच्या आज्ञेने ‘टॉय स्टोरी २’ या चित्रपटाचा बहुतेक भाग पुसला गेला. राखीव प्रती होत्या, पण त्या नीट उतरल्याच नव्हत्या, हे तेव्हा कळले. गॅलिन सुसमन या तिथल्या अधिकारी बाळ लहान असल्याने घरून काम करीत. त्यांच्या घरच्या संगणकावर चित्रपटाची प्रत होती. तो संगणक ब्लँकेटांत गुंडाळून मोटारीतून सावकाश स्टुडिओत आणला गेला, आणि १९९९ साली चित्रपट पडद्यावर आला.