गादीतला किडा

पहाटे उठल्याबरोबर शिंकांवर शिंका येतात. नाक गळते. पोर रात्री खोकते, छातीत शिट्टी वाजते. ताप मात्र नसतो. घरात कोणी म्हणते, दृष्ट लागली. कोणी म्हणते, गार पाणी बाधले. पण पुष्कळदा हे दुखणे अंथरुणातून येते.

गादीत, उशीत, गोधडीत एक किडा राहतो. डॉक्टर त्याला माइट म्हणतात. आपण धुळीचा किडा म्हणू. तो गोचिडाचा भाऊबंद. त्यालाही आठ पाय. पण इतका बारीक, की तीन-चार किडे ओळीने ठेवले तर एक मिलिमीटर भरेल. ढेकूण चावतो, हा चावत नाही. आपल्या अंगाचा कोंडा झडतो, तो खाऊन जगतो.

मग बाधते काय? त्याची विष्ठा. ती धुळीत मिसळते. आपण कूस बदलली की उडते आणि नाकात जाते. सगळ्यांनाच ती बाधत नाही. ज्याला बाधते, त्याला ॲलर्जी आहे असे म्हणतात. धुळीच्या ॲलर्जीचे मूळ हा किडा आहे, हे हॉलंडमधल्या लायडन गावच्या संशोधकांनी १९६० नंतरच्या काही वर्षांत शोधून काढले.

हा किडा पाणी पीत नाही. हवेतला ओलावा अंगात ओढून घेतो. ओलावा गेला की वाळून मरतो. आपला दिवा खाडीकाठचा. पावसाळ्यात भिंतीला ओल, खोलीत दोरीवर ओले कपडे. मग किड्याचे फावते.

तर काय करायचं? चादरी, उशांचे अभ्रे आठवड्याला कढत पाण्यात भिजवून धुवावेत. पाणी हात घालवणार नाही इतके कढत हवे. त्यात किडे मरतात, घाणही निघते. ऊन पडले की गाद्या बाहेर टाकाव्यात, उलटसुलट वाळवाव्यात. झटकायच्या त्या बाहेरच, आणि आजाऱ्याला दूर ठेवून. घरात ओल्या फडक्याने पुसावे. खिडकी उघडी ठेवावी. ओले कपडे निजायच्या खोलीत वाळवू नयेत.

धुरी देऊ नये. धुराने दमा वाढतो. डॉक्टरांनी ओढायचा पंप दिला तर तो सांगितल्याप्रमाणे घ्यावा. पंपाची सवय लागते, ही समजूत खोटी आहे.

आणि एक गोष्ट ध्यानात ठेवा. पोराला धापेमुळे बोलता येईना, ओठ निळे पडले, तर उजाडायची वाट पाहू नका. तडक दवाखाना गाठा. कळव्याला ठाणे महापालिकेचे मोठे रुग्णालय आहे. गादी उद्या वाळवता येईल, श्वास उद्यावर टाकता येत नाही.