मनगटावरचे घड्याळ आणि दोन बोटांची नाडी

गेल्या सुगीतली गोष्ट. आमच्या धर्मग्रामातील एक शेतकरी बंधू, वय ५८, सकाळी नऊच्या सुमारास भात कापीत असताना एकाएकी खाली बसले. छातीवर कोणी पोते ठेवल्यासारखे वाटत होते, अंगाला घाम सुटला होता, डावा हात भरून आला होता. त्यांच्या मनगटावर, बोटीवर नोकरी करणाऱ्या मुलाने पाठविलेले नवे घड्याळ होते. हे घड्याळ नाडीही मोजते. त्यांनी पाहिले, आकडा होता ८२. "नाडी तर ठीक आहे, पित्त झाले असेल," असे म्हणून ते बांधावरच्या आंब्याखाली पडून राहिले. असा तासभर गेला. न्याहारी घेऊन आलेल्या त्यांच्या पत्नीने घड्याळ पाहिले नाही, नवऱ्याचा चेहरा पाहिला; आणि शेजाऱ्याच्या गाडीत घालून त्यांना तडक बेळगावला नेले. डॉक्टरांनी सांगितले, हृदयविकाराचा झटका आहे, आणखी वेळ दवडला असता तर कठीण होते. देवकृपेने ते वाचले. त्यांच्या संमतीनेच ही हकीगत येथे देत आहोत.

घरी परतल्यावर त्यांनी ते घड्याळ काढून आमच्या हाती दिले आणि म्हणाले, "फादर, हे माझ्याशी खोटे बोलले. तुमच्याकडेच असू दे."

आम्ही ते ठेवून घेतले. कारण असे घड्याळ आता गावात एकट्या त्यांच्याकडे नाही. कुणाचा मुलगा आखातातून आणतो, कुणाची मुलगी गोव्याहून किंवा पुण्याहून पाठविते. आईबापांच्या प्रकृतीची काळजी म्हणूनच मुले ते देतात. तेव्हा ते कुठे खरे बोलते आणि कुठे नाही, हे पाहिलेच पाहिजे असे आम्हांला वाटले. आमच्या दवाखान्यातील सिस्टर परिचारिका आहेत. त्यांनी आणि आम्ही मिळून सहा आठवडे त्या घड्याळाची परीक्षा घेतली.

घड्याळ नाडी कशी मोजते?

नाडी मोजायला घड्याळ वापरण्याची रीत जुनी आहे. इंग्लंडमधील डॉक्टर सर जॉन फ्लॉयर यांनी बरोबर एक मिनिट चालणारे घड्याळ खास नाडीसाठी करवून घेतले आणि १७०७ साली त्यावर पुस्तक लिहिले. परंतु त्यांच्या घड्याळाने फक्त वेळ मोजली, नाडी डॉक्टरांच्या बोटांनीच मोजली. आजचे घड्याळ बोटांचे काम प्रकाशाकडून करून घेते.

अंधारात टॉर्चवर तळहात धरला तर बोटे लाल दिसतात, हे आपण लहानपणी पाहिले आहे. रक्त लाल प्रकाश जाऊ देते आणि हिरवा शोषून घेते. घड्याळाच्या पाठीमागे जे हिरवे दिवे लुकलुकतात ते कातडीत हिरवा प्रकाश सोडतात. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर मनगटात रक्ताची लाट येते, तेव्हा हिरवा प्रकाश जास्त शोषला जातो आणि कमी परत येतो. परत येणाऱ्या प्रकाशाची ही चढउतार मोजून घड्याळ ठोक्यांचा हिशेब मांडते.

म्हणजे घड्याळ हृदयाला पाहत नाही. ते मनगटातल्या रक्ताच्या लाटा पाहते. सिस्टरांनी गंमत म्हणून ते एका पिकलेल्या केळ्याला बांधले, तर थोड्या वेळाने केळ्याचीही नाडी दिसू लागली! परत येणाऱ्या प्रकाशात कसलाही बदल झाला की घड्याळ त्यात ठोके शोधू लागते.

बसून आणि काम करताना

पहिली परीक्षा बसून घेतली. पाच मिनिटे शांत बसायचे, सिस्टरांनी दोन बोटांनी पूर्ण मिनिट नाडी मोजायची आणि मग घड्याळाकडे पाहायचे. अशा परीक्षेत घड्याळ जवळजवळ प्रत्येक वेळी बरोबर आले. फरक पडला तो एकदोन ठोक्यांचा. सरळ रस्त्याने चालतानाही ते बरे चालले.

शेतात मात्र तसे घडले नाही. ऊसतोडीच्या वेळी एका तरुणाच्या हाताला ते बांधले. एका हाताने ऊस धरून दुसऱ्या हाताने कोयता चालवताना मनगट सारखे वळते, आणि घड्याळ कातडीवर हलते. सिस्टरांनी त्याला थांबवून ताबडतोब नाडी मोजली तेव्हा ती १३० च्या वर होती, घड्याळात ९६ होती. पॉवर टिलर धरल्यावर तर हाताच्या थरथरीने आकडा वाटेल तसा पळू लागला. पहाटे भाजीला पाणी सोडताना हात गार पडलेले असत, तेव्हा बराच वेळ आकडाच येत नसे, कारण गारठ्याने कातडीतले रक्त कमी होते. ज्या बायकांच्या मनगटावर गोंदण आहे, त्यांच्या बाबतीत गोंदणाची शाई प्रकाश अडविते. अशांनी ते दुसऱ्या हाताला बांधून पाहावे.

शास्त्रज्ञांचा अनुभवही असाच आहे. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, हालचाल करताना ह्या घड्याळांची चूक विश्रांतीपेक्षा सरासरी ३० टक्क्यांनी जास्त आढळली. काळ्यासावळ्या रंगामुळे आकडा चुकतो अशी शंका अनेकांना असते; त्या पाहणीत कातडीच्या रंगाने तसा लक्षणीय फरक पडलेला दिसला नाही. फरक पडतो तो कामाने आणि हालचालीने, आणि आपले काम तर सारे हातांचेच.

वाट मोजावी, बांध मोजू नये

ह्या घड्याळात जी.पी.एस. आहे. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणारे अमेरिकन उपग्रह अत्यंत अचूक वेळ सांगणारे संदेश सतत पाठवितात. कमीत कमी चार उपग्रहांचे संदेश किती वेळात पोहोचले त्यावरून आपण कुठे उभे आहोत हे घड्याळ ठरविते. पहिला उपग्रह १९७८ साली सोडला गेला. सामान्य लोकांसाठी ह्या संदेशांत मुद्दाम ठेवलेली चूक मे २००० मध्ये काढून टाकली, तेव्हापासून ही सोय साध्या माणसाच्या कामाची झाली.

आम्ही चर्चच्या फाटकापासून बसथांब्यापर्यंतचा रस्ता ३० मीटरच्या टेपने मोजला. तो भरला ९०० मीटर. उघड्या रस्त्याने घड्याळाने तो तीन वेळा ८९०, ९१० आणि ९१५ असा दाखविला. चालण्यासाठी एवढे पुष्कळ झाले. काजूच्या दाट झाडांतून गेल्यावर मात्र पन्नास-साठ मीटर वाढले, कारण झाडे आणि भिंती संदेश अडवितात.

आता एक नाजूक गोष्ट. एका घरचे दोन भाऊ असेच घड्याळ बांधून शेताभोवती फिरले, मोबाईलच्या नकाशावर क्षेत्र काढले, आणि "तू माझा दीड गुंठा दाबलास" म्हणून एकमेकांशी बोलेनासे झाले. त्यांना आम्ही कागदावर हिशेब करून दाखविला. एक गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट, म्हणजे बाजू सुमारे १० मीटर. उघड्यावर साध्या यंत्राची चूक पाच मीटरपर्यंत सहज होते. दहा गुंठ्यांचा चौरस तुकडा घेतला तर त्याची बाजू सुमारे ३२ मीटर. चारही बांध नुसते दीड मीटर बाहेर सरकलेले दिसले, तरी दहाचे बारा गुंठे होतात! म्हणजे ज्या दीड गुंठ्यावरून भाऊबंदकी पेटली तो शेतात नव्हता, घड्याळाच्या चुकीत होता. मोजणी खातेही आता उपग्रहांची मदत घेते, पण त्यांचे यंत्र जमिनीवरच्या पक्क्या ठाण्याकडून चूक सुधारून घेते आणि सेंटिमीटरपर्यंत मोजते. तेव्हा बांधाचा वाद असेल तर रीतसर मोजणी मागवावी. घड्याळाच्या भरवशावर कुंपणाचा दगड हलवू नये.

पावले, उष्मांक आणि इतर आकडे

दिवसाला दहा हजार पावले, असे घड्याळ बजावीत असते. हा आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या पावले मोजण्याच्या यंत्राच्या नावातून पसरला. २०१९ साली अमेरिकेतील वयस्क स्त्रियांच्या पाहणीत दिवसाला सुमारे ४,४०० पावले चालणाऱ्यांनाही कमी चालणाऱ्यांपेक्षा स्पष्ट लाभ दिसला, आणि ७,५०० च्या पुढे तो फारसा वाढला नाही. म्हणून गुडघे दुखणाऱ्या आजीने आकडा पुरा करण्यासाठी रात्री अंगणात फेऱ्या घालण्याची गरज नाही.

किती उष्मांक खर्च झाले हा आकडा तर सोडूनच द्यावा. स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०१७ साली सात यंत्रे तपासली. सहांनी नाडी पाच टक्क्यांच्या आतल्या चुकीने मोजली. पण उष्मांकांत सर्वांत चांगले यंत्रही सरासरी २७ टक्के चुकले आणि सर्वांत वाईट ९३ टक्के. "आज एवढे जळले, आता जिलेबी चालेल," असे मधुमेही बंधूंनी म्हणू नये.

नाडी किती चढू द्यावी हे घड्याळ २२० मधून वय वजा करून ठरविते. ही सरासरी आहे. माणसामाणसांत दहाबारा ठोक्यांचा फरक असतोच. शिवाय रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी अटेनोलॉल, मेटोप्रोलॉल यांसारख्या गोळ्या घेणाऱ्यांची नाडी औषधच खाली धरून ठेवते. त्यांनी घड्याळाची मर्यादा गाठण्याचा हट्ट धरला तर जिवावर बेतेल. त्यांनी डॉक्टरांना विचारावे. इतरांना साधी खूण अशी: चालताना बोलता येते पण गाता येत नाही, एवढा श्रम मध्यम समजावा.

काही स्वस्त घड्याळे सुई न टोचता साखरही सांगतो म्हणतात. त्यांच्यावर मुळीच विसंबू नये. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये स्पष्ट सांगितले की, स्वतःहून रक्तातील साखर मोजणाऱ्या एकाही घड्याळाला त्यांनी मान्यता दिलेली नाही. त्या आकड्यावरून इन्सुलिन घेणे म्हणजे डोळे बांधून विहिरीच्या काठाने चालणे.

मग घड्याळ खोटे बोलले काय?

आता मूळ प्रश्न. सुगीच्या त्या सकाळी घड्याळाने ८२ दाखविले ते चूक होते काय? सिस्टर म्हणतात, आकडा बरोबरही असेल. हृदयविकाराचा झटका म्हणजे हृदयाच्या स्नायूला रक्त पुरविणारी नळी बुजणे. नळी बुजली तरी बाकीचे हृदय कितीतरी वेळ नेमाने ठोके देत राहू शकते. ठोके किती हे घड्याळ सांगते. नळी मोकळी आहे की बुजली, हे सांगण्याचे साधन त्याच्यापाशी नाही. काही महागड्या घड्याळांत हृदयाचा आलेख काढण्याची सोय असते. तीही ठोक्यांची अनियमितता ओळखण्यासाठी आहे, झटका ओळखण्यासाठी नाही. आपल्या बंधूंनी घड्याळाला असा प्रश्न विचारला, ज्याचे उत्तर त्याला ठाऊकच नव्हते.

म्हणून हे प्रत्येक घरी सांगून ठेवावे. छातीत दाब किंवा जळजळ, दुखणे हातात, जबड्यात किंवा पाठीत जाणे, गार घाम, दम लागणे, उलटीची भावना, यांपैकी काही झाले आणि थोड्या विश्रांतीने गेले नाही, तर घड्याळाकडे पाहू नये. १०८ क्रमांकाला फोन करावा किंवा मिळेल त्या गाडीने मोठा दवाखाना गाठावा. रोग्याने स्वतः गाडी चालवू नये. स्त्रियांना आणि मधुमेह्यांना छातीत न दुखताही झटका येतो, नुसता थकवा आणि दम दिसतो, हेही ध्यानात ठेवावे.

घड्याळ घेतलेच असेल तर

ते डाव्या मनगटाच्या हाडापासून दोन बोटे वर, हलणार नाही पण रुतणारही नाही असे बांधावे. फवारणीच्या वेळी काढून ठेवावे आणि पट्टा वरचेवर धुवावा. विकत घेताना मोबाईल दुकानात ठेवून दोनशे पावले चालून यावे. नकाशावर वाट उमटली नाही तर जी.पी.एस. घड्याळात नाही, मोबाईलचाच उसना आहे असे समजावे.

खरा उपयोग आम्हांला आढळला तो एकच, पण मोलाचा. रोज सकाळी उठल्याबरोबर, अंथरुणावर बसून नाडी पाहावी व वहीत लिहावी. प्रौढ माणसाची ती बहुधा ६० ते १०० असते. कष्टकऱ्यांची याहून थोडी कमीही असते. आपली नेहमीची ७० असताना दोन दिवस ८५ येऊ लागली, तर ताप, पाण्याची कमतरता, अपुरी झोप किंवा अतिश्रम यांपैकी काहीतरी आहे. बसल्या जागी ती १०० च्या वर राहू लागली, चक्कर येऊन ५० च्या खाली गेली, किंवा ठोके चुकतमाकत पडू लागले, तर डॉक्टरांना वही दाखवावी.

आणि ही वही ठेवायला घड्याळच हवे असे नाही. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटावर, दोन बोटे हलकेच ठेवावीत. अंगठा वापरू नये, त्याला स्वतःची नाडी असते. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करावे. ठोके अनियमित वाटले तर पूर्ण मिनिट मोजावे.

ते घड्याळ आम्ही नाताळानंतर त्या बंधूंना परत केले. डॉक्टरांनी त्यांना रोज थोडे थोडे चालायला सांगितले आहे. घरापासून चर्चपर्यंत किती झाले ते आता घड्याळ सांगते. सकाळची नाडी मात्र त्यांची पत्नी दोन बोटांनी मोजते आणि पंचांगाच्या कडेला लिहून ठेवते.

येत्या रविवारी मिस्सानंतर शाळेच्या खोलीत सिस्टर सर्वांना नाडी मोजायला शिकवतील. सेकंदकाटा असलेले कुठलेही घड्याळ चालेल. प्रत्येक घरातून निदान एकाने यावे. पाच मिनिटांचे काम आहे.