किती चालेल, की किती धरेल?

लग्नाचा शालू घ्यायचा म्हटले की आपण चार दुकाने पालथी घालतो. पदर उलटून पाहतो, जर खरी की खोटी याची खात्री करून घेतो. सोने घेताना वर्षानुवर्षांच्या पेढीवरसुद्धा कस विचारायला कचरत नाही. पेटीतला एकेक आंबा हुंगून घेणारी माणसे तर घरोघरी आहेत. पण ज्या दोन रबरी कड्यांवर बसून घरचा कर्ता रोज कचेरी गाठतो, मुलगी कॉलेजला जाते, आणि रविवारी नवरा, बायको व मध्ये चिमुकले पोर अशी सारी गृहस्थीच फिरायला निघते, त्या टायरांची खरेदी मात्र उभ्याउभ्या पाच मिनिटांत उरकते. प्रश्नही ठरलेला, एकच. "किती चालेल?"

हा प्रश्न चुकीचा आहे असे नव्हे. महिन्याचा हिशेब लिहिणाऱ्या घरात तो यायचाच. पण तो दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न असा, की "किती धरेल?" म्हणजे ओल्या रस्त्यावर, अचानक ब्रेक दाबावा लागला असता, हा टायर जमिनीला किती घट्ट धरून ठेवील?

मराठीच्या प्राध्यापकाने टायरांवर लिहावे, याचे कुणास नवल वाटेल. पण पावसाळा सुरू झाला की आमच्या वर्गात एखादा तरी विद्यार्थी हात गळ्यात बांधून येतोच. "काय रे, काय झाले?" असे विचारले की उत्तर ठरलेले: "सर, गाडी स्लिप झाली." व्याकरणाच्या दृष्टीने हे वाक्य मोठे मासलेवाईक आहे. यात कर्ता गाडी आहे. चालवणारा नाही, रस्ता नाही, आणि टायर तर नाहीच नाही! गाडी जणू आपल्या मनाने घसरली. खरे पाहता गाडी कधी घसरत नसते. घसरतो तो टायर, आणि त्याला कारणे असतात.

तळहाताएवढी जमीन

मोटरसायकलचा टायर मोटारीसारखा सपाट नसतो. वळताना गाडी कलते, म्हणून त्याचा माथा गोलाकार असतो. त्यामुळे एका वेळी प्रत्येक चाकाचा जेमतेम तळहाताएवढा भाग जमिनीला टेकलेला असतो. दोन चाकांचे मिळून दोन तळहात. गाडीचे वजन, माणसांचे वजन, वेग, ब्रेक, वळण, सारे त्यावर.

ही पकड महिन्याच्या पगारासारखी असते. रक्कम ठरलेली, आणि ब्रेक व वळण या दोघांचा खर्च त्याच एका पाकिटातून. वळणावर बरीचशी पकड खर्ची पडली असेल, तर ब्रेकच्या वाट्याला उरेल तेवढीच येणार. म्हणून अनुभवी माणूस वळणाच्या आधी वेग कमी करतो, वळणात नव्हे. हल्ली अनेक गाड्यांना एबीएस असते. ते चाक जाम होऊ देत नाही, हा मोठाच उपकार. पण तेही पगार वाढवीत नाही. आहे तो नीट खर्च करते, इतकेच.

थोडे गणित मांडून पाहू. ताशी 50 किलोमीटर वेगाने चाललेली गाडी, पकड चांगली असेल तर, ब्रेक लागल्यापासून सुमारे 12 मीटरांत थांबते. पकड निम्म्यावर आली की तेच अंतर दुप्पट, म्हणजे सुमारे 25 मीटर होते. (ब्रेक दाबण्याचे डोक्यात येईपर्यंत जो एखादा सेकंद जातो, त्यात गाडी आणखी 14 मीटर जाते, ती वेगळीच.) मधला फरक एका मोठ्या बसच्या लांबीइतका आहे. चौकात मूल आडवे आले, तर सारा निकाल या फरकावर लागतो.

रबराचा स्वभाव

रबराच्या झाडाचा चीक मुळात काही फारसा गुणी नाही. उन्हाळ्यात तो चिकट होतो, थंडीत ठिसूळ. 1839 साली अमेरिकेत चार्ल्स गुडइयर यांना आढळले, की त्यात गंधक मिसळून उष्णता दिली म्हणजे तो लवचीक आणि टिकाऊ बनतो. 1845 मध्ये रॉबर्ट थॉमसन यांनी हवा भरलेल्या चाकाचे पेटंट घेतले. ते लोक विसरूनही गेले. पुढे 1888 मध्ये बेलफास्टच्या जॉन डनलॉप या पशुवैद्याने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी तीच कल्पना नव्याने साकारली, आणि रस्त्यावरचे जग बदलले.

त्या जुन्या काळी टायर फिकट रंगाचे असत. आजचा काळा रंग आला तो काजळीमुळे. आजीने दिव्यावर धरलेल्या काजळाचीच ही कारखान्यातली बहीण! ती रबरात मिसळली की झीज कितीतरी पटींनी कमी होते. 1992 पासून मोटारींच्या टायरांत सिलिका, म्हणजे रेतीतल्याच द्रव्याचे अतिसूक्ष्म रूप, मोठ्या प्रमाणावर येऊ लागले. त्याने ओल्या रस्त्यावरची पकड सुधारते. पुढे मोटरसायकलींच्या टायरांतही ते आले.

आता मुद्द्याची गोष्ट. डांबरी रस्ता दिसायला गुळगुळीत, पण जवळून पाहिला तर तो खडीचा खडबडीत माथा असतो. मऊ रबर त्या खडीच्या टोकांवर दबते, खळग्यांत शिरते आणि तिला कवटाळून बसते. कडक रबर टोकांवरून नुसतेच सरकते. म्हणून मऊ टायर धरतो. पण जो खडीला कवटाळतो, त्याचेच कण खडी ओरबाडून घेते. म्हणून मऊ टायर लवकर झिजतो. पकड आणि झीज अशी एकाच घरात नांदते. त्यात तिसरी भर ॲव्हरेजची: सहज घरंगळणारा टायर पेट्रोल वाचवतो. पकड, टिकाऊपणा आणि ॲव्हरेज या तिघींना एकाच वेळी पूर्ण खूश करणे कारखानदारांना अजून साधलेले नाही. एकीला वरचा मान दिला की दुसरी रुसते. तेव्हा कोणी "पकडही सर्वांत जास्त आणि आयुष्यही सर्वांत जास्त" असे सांगू लागला, तर खुशाल समजावे की तो टायर नव्हे, स्वप्न विकतो आहे.

नक्षीचा भ्रम

पुष्कळांचा समज असा, की खाचा जितक्या खोल, नक्षी जितकी ठसठशीत, तितकी पकड जास्त. कोरड्या रस्त्यावर याच्या उलट आहे. शर्यतीच्या गाड्यांच्या कोरड्या रस्त्यावरच्या टायरांना नक्षीच नसते. खाचांचे खरे काम पाणी बाजूला सारण्याचे. पाण्याचा थर मध्ये आला की रबर आणि रस्ता यांची गाठच पडत नाही. खाच त्या पाण्याला वाट करून देते. आणि पावसाचा देश असल्याने ही वाट आपल्याला अत्यावश्यक आहे.

ज्याला बटण टायर म्हणतात, तो चिखलाचा आणि मातीचा टायर. शेताच्या वाटेवर तो राजा. पण केवळ रुबाबासाठी शहरातल्या गाडीला बसवला, तर डांबराला टेकणारे रबर कमी, त्यातली बटणे ब्रेक मारताच लवणारी, आणि झीजही भरभर. तीच गोष्ट जाड टायरची. मूळच्या अरुंद रिमवर रुंद टायर चढवला की तो चिमटला जातो, माथ्याचा गोल बिघडतो आणि वळताना गाडी अडखळते. कारखान्याने दिलेले माप सोडू नये, हेच बरे.

कोणी कोणता घ्यावा?

शहरात रोज दहा-वीस किलोमीटर जाणाऱ्या संसारी माणसाने मध्यम मऊ, ओल्या रस्त्यासाठी चांगल्या खाचा असलेला टायर घ्यावा. चार-दोन हजार किलोमीटर कमी चालला तरी चालेल. पहिल्या पावसाच्या चौकात तो आपली किंमत चुकवतो. महिनोन्महिने साचलेले तेल आणि धूळ यांचे पहिल्या सरीबरोबर जे सारण होते, ते साबणापेक्षा वाईट. रस्त्यावरचे पांढरे पट्टे, गटारांची लोखंडी झाकणे, पेव्हर ब्लॉक, रेल्वेचे फाटक, ही सारी ओली झाली की मऊ टायरचीही परीक्षा पाहतात. कडक टायरची काय कथा!

विदर्भ-मराठवाड्यात सरळ महामार्गावर रोज लांबचा पल्ला मारणाऱ्याने थोडा कडक टायर घेतला तर ते समजण्यासारखे आहे. तापलेल्या डांबरावर मऊ टायरचा मधला भाग लवकर सपाट होतो, आणि सपाट झालेला टायर वळणावर कुरकुरतो. उलट ताम्हिणी, आंबा, कुंभार्ली असे घाट वरचेवर चढणाऱ्याने, आपल्या गाडीच्या मापात मिळत असल्यास, मध्ये कडक आणि कडेला मऊ अशा दुहेरी रबराचा टायर घ्यावा. सरळ रस्त्यावर मधला भाग झिजेला तोंड देतो, वळणावर कडा धरून ठेवतात. तिघींना नांदवण्याची त्यातल्या त्यात ही बरी तडजोड.

एक गोष्ट मात्र सर्वांना सारखी लागू. मागचा टायर लवकर झिजतो, म्हणून नवा टायर मागे बसवून पुढचा जुनाच चालवत राहण्याची आपल्याकडे रीत आहे. पण जोराचा ब्रेक लागला की वजन पुढे झेपावते आणि थांबवण्याचे बहुतेक काम पुढचे चाक करते. मागचे चाक घसरले तर गाडी पुष्कळदा सावरता येते; पुढचे घसरले की सावरायला वेळच मिळत नाही. "पुढच्यास ठेच, मागचा शहाणा" ही म्हण टायरांना लागू पडत नाही. येथे पुढच्यास ठेच लागली, की मागचा शहाणा होण्याआधीच दोघेही जमिनीवर!

दुकानात उभे राहून

टायरच्या कडेला बारीक अक्षरांत त्याची जन्मपत्रिका छापलेली असते. पुष्कळ स्कूटरांवर 90/100-10 53J असे दिसेल. 90 ही मिलिमीटरमध्ये रुंदी, 100 ही रुंदीच्या शेकड्यात उंची, 10 हा रिमचा इंचांतला व्यास. 53 म्हणजे त्या एका टायरची 206 किलो पेलण्याची क्षमता, आणि जे या अक्षराचा अर्थ ताशी 100 किलोमीटरपर्यंतचा वेग. शिवाय आयएसआयची खूण आणि फिरण्याची दिशा दाखवणारा बाणही पाहावा. घाईत टायर उलटा बसवला जातो.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे चार आकडे. 2324 असे असेल, तर तो टायर 2024 सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. रबर वापरल्यावाचूनही म्हातारे होते. हवेने आणि उन्हाने ते कडक होत जाते. आमच्या परिचयाच्या एका निवृत्त गृहस्थांची स्कूटर बहुधा जिन्याखालीच असे. खाचा नव्यासारख्या, म्हणून टायर बदलण्याचा विचारही त्यांना शिवला नाही. एका ओल्या सकाळी दूध आणायला निघाले आणि वळणावर पडले. खाचा शाबूत होत्या. रबर लाकडासारखे झाले होते. पाच वर्षांनंतर टायर दर वर्षी जाणत्याला दाखवावा आणि दहा वर्षांपुढे तो कितीही नवा दिसला तरी ठेवू नये, असा उत्पादकांचा सर्वसाधारण सल्ला असतो. दुकानदाराने सवलतीत देऊ केलेला टायर तीन-चार वर्षे फळीवर पडलेला तर नाही ना, हे या चार आकड्यांवरूनच कळते.

दुचाकीच्या खाचांची खोली 0.8 मिलिमीटरपेक्षा कमी नसावी, असे आपले मोटार वाहन नियम सांगतात. ही जवळजवळ एटीएम कार्डाची जाडी झाली. पण ती कायद्याची शेवटची पायरी आहे, पावसाची नव्हे. खाच इतकी उथळ होईपर्यंत थांबायचेच असेल, तर निदान जून उजाडण्यापूर्वी टायर बदलावा. आणि गुळगुळीत झालेल्या टायरवर रस्त्याकडेला नव्या खाचा कापून घेण्याचा उद्योग तर मुळीच करू नये. त्याने टायरचा उरलासुरला जीव तेवढा कापला जातो.

आयुष्य हवेत आहे

मग "किती चालेल?" या प्रश्नाचे काय? त्याचे उत्तर दुकानदारापाशी थोडे आणि आपल्यापाशी जास्त आहे. हवा कमी असली तर टायर तापतो आणि दोन्ही कडा झिजतात. जास्त असली तर मधला भाग झिजतो आणि जमिनीला टेकणारी जागाही घटते. गाडीच्या पुस्तिकेत एकट्यासाठी आणि मागे माणूस असताना, असे दोन आकडे दिलेले असतात. दर पंधरा दिवसांनी, टायर थंड असताना, त्याप्रमाणे हवा तपासावी. सिग्नल सुटताच उसळी घेणे आणि पुढच्या सिग्नलला करकचून थांबणे, यात जेवढे रबर जाते तेवढे शांतपणे चालवताना जात नाही. नव्या टायरचा वरचा थर गुळगुळीत असतो, म्हणून पहिले शंभर-दीडशे किलोमीटर सबुरीने जावे.

हिशेबाच्या भाषेत सांगायचे, तर टिकाऊपणा बराचसा आपल्या हाताने कमावता येतो, आणि त्यासाठी लागणाऱ्या हवेला फारसे पैसेही पडत नाहीत. पकड मात्र खरेदीच्या वेळीच घ्यावी लागते. एकदा कडक टायर बसवला की कितीही जपून चालवले तरी ती मागाहून येत नाही. म्हणून पैसे पकडीवर खर्चावेत आणि आयुष्य काळजीने वाढवावे.

दसऱ्याला आपण गाडी धुतो, हँडलला झेंडूचा हार घालतो, चाकाला हळदकुंकू लावतो. चाकाशी एवढे वाकलोच आहोत, तर ते चार आकडे वाचावेत, खाचांत नख घालून पाहावे. आणि यंदाचा दसरा तसाच गेला असेल, तर पाडव्याच्या सकाळी, मंडळींना मागे बसवून सासुरवाडीला निघण्यापूर्वी, एवढे करायला दोन मिनिटे पुरतात.