जलपर्णी काढली जाते, पण हटत का नाही?

जलपर्णी पाणी शुद्ध करते, मग ती काढायची कशाला, असा प्रश्न पुष्कळजण विचारतात. त्यात तथ्य आहे, पण अर्धेच. मूळची दक्षिण अमेरिकेतली ही वनस्पती पाण्यातला नायट्रोजन, फॉस्फरस आणि काही जड धातूही शोषून घेते. मात्र ती जागच्या जागी मेली की कुजते, घेतलेले पुन्हा पाण्यात सोडते आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू संपवते. मासे मरतात ते त्यामुळे. तणनाशक फवारून जलपर्णी तशीच सोडून देणे म्हणूनच घातक आहे, आणि उपसलेला ढीग काठावर ठेवणेही फारसे वेगळे नाही, कारण पहिल्याच पावसात तो परत नदीत उतरतो.

यंत्रे लावली की प्रश्न मिटला, हा दुसरा गैरसमज अधिक महाग पडतो. अनुकूल पाण्यात जलपर्णी साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होते. तुटलेल्या तुकड्यातून नवे रोप उभे राहते आणि गाळात पडलेले बी वीस वर्षांपर्यंत रुजू शकते. पवना, इंद्रायणी किंवा कोल्हापूरचा रंकाळा इथे ती पुन्हा पुन्हा फोफावते, याचे मुख्य कारण पाण्यात मिसळणारे मैलापाणी. खत मिळत राहिले तर कापणी कधीच संपणार नाही. जलपर्णी रोखण्यासाठी सोडले जाणारे, तिची पाने आणि देठ खाणारे निओकेटिना भुंगेरे पिकांवर पडतील ही भीती मात्र निराधार आहे. भारतात ते १९८०च्या दशकात चाचण्यांनंतरच सोडले गेले आणि त्यांचे जीवनचक्र जलपर्णीवरच पूर्ण होते. पण त्यांना वर्षे लागतात. आफ्रिकेतल्या व्हिक्टोरिया सरोवरात १९९५ पासून ते सोडल्यावर जलपर्णी झपाट्याने घटली. त्या घटीत १९९७-९८च्या एल निनोच्या हवामानाचाही वाटा असल्याचे काही संशोधक मानतात. पोषक द्रव्ये येतच राहिली आणि पुढे जलपर्णी तिथे पुन्हा पसरली.

शहराचे सगळे मैलापाणी शुद्ध व्हायला वर्षे जातील, तोवर हात बांधून बसायचे का, हा आक्षेप रास्त आहे. बसू नये. पण उपसा पावसाळा सरताच, थोडेच पुंजके उरलेले असताना करावा. आज तो बहुधा उन्हाळ्यात, पात्र झाकून गेल्यावर सुरू होतो. उपशाच्या ठेक्याइतकाच पैसा दरवर्षी उघडे नाले मैलाशुद्धीकरण केंद्राला जोडण्यावर लावला, तर पुढच्या वर्षीचा उपसा हलका होत जाईल.