आधी रेशन, मग बाजार

बेताच्या पैशांत महिना काढायचा तर किराण्याची यादी रेशनपासून सुरू करावी. प्राधान्य कुटुंबाच्या कार्डावर माणशी ५ किलो, तर अंत्योदय कार्डावर कुटुंबाला ३५ किलो धान्य मिळते. जानेवारी २०२३ पासून तेही मोफत. वाचलेले पैसे तेल-डाळीला लावता येतात.

नाशिककरांच्या हाती आणखी एक सोय आहे, ती कांद्याची. मार्च ते मे या काळात निघणारा उन्हाळ कांदा नीट सुकवून हवेशीर जागी पसरला तर चार-पाच महिने टिकतो. पावसाळ्यानंतरचा लाल कांदा मात्र लवकर सडतो किंवा कोंब धरतो. भाव कितीही पडलेला असो, गोणीभर घ्यायचा तो उन्हाळच. अधूनमधून निवडायचा आळस मात्र नको.

पालेभाजी गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारातून दोन दिवसांपुरतीच आणावी. पुढचे दिवस मटकी, हुलगे, चवळीवर सोपवावेत. मोड आले की वाटीभर कडधान्यात घरादाराची उसळ होते. सोबत बाजरीची भाकरी असेल तर पोटही भरलेले राहते.

आणि रेशन घेताना मशीनची पावती मागून घ्या, वजन तिच्याशी ताडून पाहा.