यंत्राच्या कानात मंत्र

भाच्याचा सिंथेसायझर म्हणजे वायरींचे जंजाळच! सारी मॉड्यूले अ‍ॅनालॉग, विजेच्या दाबावर चालणारी. एकटे 'क्लाउड्स' तेवढे डिजिटल. सुराचे बारीक कण करून उधळणे हे त्याचे काम. त्याच्या निर्मात्या एमिली झिले यांनी त्याचा प्रोग्रॅम सर्वांना खुला ठेवला. त्यांची कंपनी 2022 साली बंद झाली, पण मथियास प्यूश यांनी आधीच लिहिलेला 'पॅरासाइट्स' हा नवा प्रोग्रॅम आजही त्यात भरता येतो. आणि तोही, बरे का, कानावाटे! बटण दाबून धरून यंत्र चालू करायचे नि ध्वनिमुद्रण ऐकवायचे.

माझ्या फोनमधून खरखर सुरू झाली. एवढ्यात बहिणीचा निरोप टिंगकन वाजला. दिवे लाल! पोराचे महागडे यंत्र माझ्या हातून गेले, म्हणून मला घाम फुटला.

भाचा म्हणाला, "मेलं नाही ते, मामा. आईला जरा थांबायला सांगा, पुन्हा पहिल्यापासून ऐकवू."